वाघाटीची पिल्लं आणि तुमचा तोडणी कार्यक्रम : साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : ऊसतोडीत सापडणाऱ्या वाघाटीच्या पिल्लांची जबाबदारी कारखान्याने घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी ऊस उत्पादक सभासद आहे. आमच्यासारख्यांचे तुमच्याकडे येणारे अर्ज ठरलेले असतात. नोंद लागली नाही, तोड लांबली, तोडणीची टोळी निम्म्यात उसाचा फड सोडून गेली, हप्ता अडकला. या पत्रात त्यातलं काही नाही. विषय एका मांजराचा आहे. हसू आलं तर हसून घ्या, पण पत्र पुरतं वाचा. हे मांजर वाचवणं वनखात्यापेक्षा तुमच्या शेतकी विभागाच्या हातात जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते का, हे सांगायला लिहितोय.

त्या मांजराला वाघाटी म्हणतात. जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांत आफ्रिकेतल्या काळ्या पायांच्या मांजराबरोबर हिचं नाव घेतात. पूर्ण वाढलेली वाघाटी भरते किलो-दीड किलो, म्हणजे घरातल्या खाऊनपिऊन असलेल्या बोक्याच्या निम्मीसुद्धा नाही. डोकं ते शेपटीचं मूळ ही लांबी ३५ ते ४८ सेंटिमीटर. अंग राखाडी-तांबूस, त्यावर तांबूस-तपकिरी ठिपक्यांच्या रांगा, कपाळावरून मानेकडे जाणारे चार गडद पट्टे, डोळ्यांच्या आतल्या कडेला दोन पांढऱ्या रेघा. शेपटी मात्र जवळपास बिनठिपक्यांची. दिवसा ही दिसत नाही. अंधार पडल्यावर बाहेर पडते, झाडावर सहज चढते. उंदीर, पाली-सरडे, बेडूक, लहान पाखरं, किडे यावर जगते. पुदुच्चेरीहून गेलेल्या नमुन्यांवरून १८३१ साली एका फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिची शास्त्रीय नोंद केली. तेव्हापासून आजवर ती भारत, श्रीलंका आणि नेपाळच्या तराईचा थोडा भाग एवढ्याच मुलखात आढळली आहे. नेपाळमधली पहिली नोंद तर २०१२ ची. प्रौढ वाघाट्यांची एकूण संख्या दहा हजारांच्या आत असावी असा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेचा अंदाज आहे. २०१६ पासून त्यांच्या यादीत ती संकटसमीप गटात आहे आणि संख्या घटते आहे असा शेरा आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती अनुसूची एकमध्ये येते. वाघही त्याच अनुसूचीत आहे.

आता एवढी दुर्मीळ जनावरं राहतात कुठे? अभयारण्यात राहतात, गीरमध्ये आहेत, विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात आहेत. पण पश्चिम महाराष्ट्रात ती जिथे पिल्लं घालतात त्या जागांवर वनखात्याचा एकही फलक नाही. त्या जागांना सातबारा आहे, गट नंबर आहे आणि तुमच्या कारखान्याकडे त्यांची लागणीच्या, म्हणजे लावणीच्या, तारखेसह नोंद आहे. तो आमचा ऊस आहे.

हे आक्रीत वाटत असेल तर उसाकडे वाघाटीच्या बाजूने पाहा. मोठी बांधणी, म्हणजे उसाला शेवटची भर, झाली की माणूस उसातून बाहेर पडतो. पाणी द्यायला गेला तरी सरीच्या तोंडापर्यंतच. आडसाली ऊस पंधरा-सोळा महिने रानात उभा असतो, कधी तोड लांबली तर त्याहून जास्त. आत गारवा, खाली पाचटाचा म्हणजे वाळक्या पाल्याचा थर, वर पाल्याचं छप्पर, बारमाही पाणी आणि उंदरांचा सुकाळ. कुत्री आत फारशी शिरत नाहीत, कारण उसाचं पातं त्यांच्याही नाकाला कापतं. माळावरची बोरी-बाभळी, घाणेरीची जाळी, ओढ्याकाठचा निवडुंग आपण एकेक करून काढला आणि त्याच्या जागी वर्षभर हलणार नाही असं दाट गवत शेकडो एकर लावलं. ऊस हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गवतच. मांजराने ते जंगल समजून वापरलं, यात तिचं काय चुकलं?

अडचण फक्त एक आहे, की या जंगलाला तोडणी तारीख असते. आणि ती तारीख वनखातं ठरवत नाही, शेतकरीही ठरवत नाही. लागण नोंदीच्या क्रमाने, पक्वता चाचणी बघून, टोळ्या आणि वाहनं किती आहेत याचा मेळ घालून ती तुमचं गटकार्यालय ठरवतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडल्यापासून, म्हणजे गाळप सुरू झाल्यापासून, मार्च-एप्रिलपर्यंत कोणत्या गावातला कोणता फड कोणत्या आठवड्यात रिकामा होणार, हे राज्यात कुणाला ठाऊक असेल तर ते तुम्हाला. वनरक्षकाला ते फड तुटल्यावर कळतं, तेही कुणी फोन केला तर.

वाघाटी दोन-सव्वादोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर एक ते तीन पिल्लं घालते. जन्मताना पिल्लू साठ-सत्तर ग्रॅमचं असतं, डोळे मिटलेले. आई त्यांना पाचटात दडवून शिकारीला जाते. कोयत्यांचा आवाज जवळ आला की मोठं जनावर निसटतं, पिल्लं तिथेच राहतात. मग टोळीतल्या कुणाच्या तरी हाताला पाचट उचलताना ती लागतात. पिल्लांचे ठिपके काळपट आणि ठळक असतात. ते दिसताच पहिला शब्द निघतो तो ‘बिबट्या’.

इथून पुढचं तुम्हीही पाहिलेलं आहे. काम थांबतं, गर्दी होते, मोबाइल निघतात, पिल्लं या हातातून त्या हातात जातात. कुणीतरी घरून गाईचं दूध आणतं आणि बाटलीच्या बुचातून पाजायला बसतं. गाईचं दूध त्या पोटाला सोसत नाही, हगवण लागते, आणि घाईत पाजलेलं दूध छातीत गेलं तर पिल्लू गुदमरतं. दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर ‘बिबट्याचे बछडे सापडले’ असा मजकूर फिरतो, आईच्या भीतीने रात्री फडाभोवती फटाके वाजतात, आणि आई परत यायची ती येत नाही. कधी पिल्लं पिशवीत घालून कुणी घरी नेतं, ‘पाळू या, किती गोड आहे’ म्हणून. ही गोडी महागात पडते. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या बाबतीत कायद्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. बीडहून आलेल्या कोयत्यावरच्या जोडप्याला हे कुणी सांगितलंय? उचल घेताना मुकादमाने सांगितलं नाही, तुम्ही करार करताना सांगितलं नाही.

बिबट्याच्या भीतीला मी हसत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. पहाटे अंधारात, पोटच्या पोराला बांधावर झोपवून उसात शिरणाऱ्या बाईला ‘घाबरू नको, ते मांजर आहे’ असं शहाणपण ऐकवायचा अधिकार मला नाही. पण म्हणूनच पिल्लू कुणाचं आहे हे चटकन ओळखता येणं त्या टोळीच्याही फायद्याचं आहे. बिबट्याचं पिल्लू असेल तर आई आसपास आहे, बाजूला व्हायला हवं. वाघाटीचं असेल तर जिवाला धोका काहीच नाही. आज दोन्ही वेळा सारखाच गोंधळ होतो, आणि त्या गोंधळात भीतीचा सगळा राग किलोभराच्या जनावरावर निघतो.

फरक ओळखणं अवघडही नाही. बिबट्याचं बछडं जन्मतःच अर्धा किलोच्या आसपास असतं, पंजे अंगाच्या मानाने जाड, आणि ठिपके दाट, अंगभर. वाघाटीचं पिल्लू मुठीत मावतं, ठिपके ओळीने असतात आणि कपाळावर उभे पट्टे दिसतात. तिसरं, आणि आपल्याकडे बरंच सापडणारं, म्हणजे बाऊल किंवा साधं रानमांजर. त्याच्या पिल्लांच्या अंगावर ठिपक्यांपेक्षा फिकट पट्टे जास्त दिसतात, मोठं जनावर एकरंगी, लांब पायांचं, शेपटीच्या टोकाला काळं. एवढी माहिती आणि तीन रंगीत फोटो एका कागदावर मावतात. तुमच्या दिनदर्शिकेवर संचालक मंडळाचे किती फोटो असतात ते आठवा. त्यातलं एक पान यासाठी मागतोय.

पिल्लं सापडल्यावर काय करायचं, याचा मार्ग आपल्याच भागात मळून तयार आहे. जुन्नर वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक वर्षानुवर्षं बिबट्याच्या, रानमांजराच्या आणि वाघाटीच्या पिल्लांची आईशी भेट घडवून आणत आहेत. मी एकदा हे शेजारच्या फडात जवळून पाहिलं. वनरक्षक आले, डॉक्टरांनी पिल्लांना हात लावून तपासलं, गोचिडी काढल्या, पोट बघितलं. मग नारायणगाव बाजाराला टोमॅटो जातात तसलं एक प्लास्टिकचं क्रेट आडवं ठेवलं, आत पाचट पसरलं आणि पिल्लं जिथे सापडली त्याच सरीत ते मांडलं. एका खुंटीला कॅमेरा बांधला. ट्रॅक्टर बंद करायला लावला, आम्हा बघ्यांना रस्त्यापर्यंत मागे हटवलं. अंधार पडून बराच वेळ गेल्यावर आई आली, ते सकाळी फोटोत दिसलं. पहिल्या फोटोत ती क्रेटपासून हातभर लांब, कान मागे. नंतरच्या फोटोत एक पिल्लू मानगुटीला धरून निघालेली. बऱ्याच वेळाने पुन्हा आली आणि दुसरं नेलं. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’ ही आपल्याकडची समजूत त्या फोटोंनी तरी खोटी पाडली. आईला हवं असतं ते म्हणजे तीच जागा, अंधार आणि शांतता. या तिन्हीपैकी जागा आणि शांतता तुमच्या टोळीच्या हातात आहे.

आता तुमची हरकत मला ठाऊक आहे. ‘दोन पिल्लांसाठी गव्हाण बंद ठेवायची का?’ तर मुळीच नाही. हिशेब मांडू. एकरी चाळीस टन उतारा धरला तर एका गुंठ्यात एक टन ऊस. पिल्लं सापडली त्या जागेभोवती दोन गुंठे ऊस एक रात्र उभा ठेवायचा म्हणजे दोन टन ऊस एक दिवस उशिरा यायचा. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला दोन टनांचं काय? तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन आणि साखर उतारा दोन्ही घटतात, हे मान्य. पण हा ऊस तोडलेला नाही, उभा आहे. उभ्या उसाचं एका रात्रीत काही बिघडत नाही. टोळी उरलेला फड तोडून खेप भरू शकते. खरी अडचण कोयत्याची, म्हणजे तोडणाऱ्या मजुरांची, होते. टोळीला दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात जायचं असतं आणि दोन टनांसाठी परत कोण येणार? तिथे कारखान्याने पैसे मोजावेत. तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या आसपास धरला तर रक्कम होते सातशे रुपये. दुप्पट द्या, चौदाशे होतील. मोळीपूजनाच्या दिवशी हार-फेट्यांना याच्या किती पट जातात ते मी इथे काढत नाही.

मग कारखान्याने नेमकं काय करायचं? माझ्या मते सगळ्याची सुरुवात स्लिपबॉयपासून व्हावी. फडावर कारखान्याचा जो माणूस रोज असतो तो हाच. अध्यक्ष मोळीपूजनाला येतात, शेतकी अधिकारी तक्रार झाली की येतो, स्लिपबॉय मात्र प्रत्येक खेपेला पावती द्यायला बांधावर उभा असतो. त्याच्याकडे मोबाइल आहे, त्यात तुमचंच अॅप आहे, गट नंबर आहे, जागेचा नकाशा आहे. त्याला हंगामापूर्वी एक दिवस वनखात्याच्या माणसांसमोर बसवा. पिल्लू दिसलं की टोळीला त्या कोपऱ्यातून बाजूला काढायचं, पिल्लांना हात न लावता वर थोडं पाचट ओढून सावली करायची, फोटो एकच आणि तो फक्त वनरक्षकाला, आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन. एवढंच त्याने पाठ करावं. त्याच अॅपमध्ये ‘वन्यप्राणी आढळला’ असं एक बटण टाकलं तर दोन-तीन हंगामांत कुठल्या गटात वाघाटी पिल्लं घालते याची अशी नोंद जमेल, जी आज कुठल्याही संशोधन संस्थेकडे नाही. व्याघ्रगणनेचे कॅमेरे व्याघ्र प्रकल्पांत आणि जंगलांत लागतात; आमच्या गटात कुणी कॅमेरा लावून मांजरं मोजलेली नाहीत.

दुसरं, तोडणी कार्यक्रमाची प्रत दर आठवड्याला वनपरिक्षेत्र कार्यालयाला पाठवा. कागद तयारच असतो, एक ईमेल वाढेल. वनरक्षकाला कळलं की या आठवड्यात ओढ्याकाठचे कोणते फड तुटणार आहेत, तर तो फोनची वाट बघत बसणार नाही.

तिसरं तोडणीच्या दिशेचं. घाईत बऱ्याचदा फड दोन-तीन बाजूंनी एकदम फोडला जातो आणि मधोमध ऊसाचं बेट उरतं. आतलं प्रत्येक जनावर, ससा असो, रानमांजर असो, नाहीतर बिबट्या असो, त्या बेटात कोंडलं जातं, आणि शेवटच्या तासात ते माणसांच्या अंगावरून बाहेर पडतं. एका बाजूने सुरुवात करून ओढा, माळ किंवा शेजारचा उभा ऊस असेल त्या दिशेला तोडत गेलं तर जनावराला वाट मिळते. यात टोळीचीच सुरक्षितता जास्त आहे. रस्त्याच्या सोयीने प्रत्येक फडात हे जमणार नाही, पण जिथे जमतं तिथेही आज कुणी करत नाही, कारण कुणी सांगितलेलंच नाही.

हार्वेस्टरबद्दल मला जास्त काळजी आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्रं वाढणार, त्याला इलाज नाही. पण कोयत्याला पिल्लू दिसतं, यंत्राच्या पात्याला दिसत नाही. ज्या फडात यंत्र जाणार आहे तिथे आदल्या संध्याकाळी दोन माणसं सऱ्यांमधून आवाज करत फिरवली तर मोठी जनावरं तरी हलतील. पिल्लांचं काय करायचं, यावर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या तुमच्याच संस्थेने डोकं लावावं. उसाच्या वाणावर, खोडव्यावर, ठिबकवर तिथे इतकं काम झालंय. एक प्रयोग याचाही होऊ द्या.

आता आगीचं. २०१९ च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात तोडणीच्या वेळी उसाच्या फडात लावलेल्या आगीत बिबट्याची पाच पिल्लं होरपळून मेली. ती मोठ्या जनावराची होती, म्हणून बातमी झाली. ऊस पेटवून तोडला की पाला सोलायचे कष्ट वाचतात, तोड लवकर उरकते, सापाची भीती जाते. टोळीच्या बाजूने कारण खरं आहे. पण चारही बाजूंनी काडी लावलेल्या फडातून साठ ग्रॅमचं आंधळं पिल्लू बाहेर पडेल कसं? जळीत उसाला तुम्ही पैसे कापता, ते बरोबरच; पण ती कपात शेतकऱ्याच्या बिलातून होते आणि पेटवायला सांगणारा बऱ्याचदा निराळाच असतो. टोळी अडून बसली की शेतकरी नाइलाजाने काडी लावतो. मुकादमाबरोबरच्या करारात ‘विनापरवाना ऊस पेटवणार नाही’ हे कलम घाला आणि विजेच्या तारेने लागलेली आग वगळता जळिताचा भुर्दंड ज्याने पेटवला त्याच्याकडून घ्या. तोडणीनंतर पाचट जाळण्याचंही तेच. पाचट कुजवा म्हणून तुम्हीच शिबिरं घेता, कुट्टीला अनुदान देता. ते जमिनीच्या सेंद्रिय कर्बासाठी असलं तरी रात्री परत आलेल्या आईला त्याच थरात पिल्लू दडवता येतं.

उंदरांच्या औषधाचा एक मुद्दा राहिला. उंदीर ऊस बुडाशी कुरतडतो, ऊस लोळतो, नुकसान मोठं होतं. औषध टाकूच नका असं मी म्हणणार नाही. पण ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर वाघाटीला, घुबडाला आयता सापडतो आणि विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे फुकटात उंदीर मारणारी दोन जनावरं आपण पैसे खर्चून मारतो. कारखान्याच्या मार्फत उधारीवर खतं-औषधं अशा निविष्ठा मिळतात, तिथे हे सांगणारा कुणीतरी असावा. औषध बिळाच्या आत टाकून बीळ बुजवलं, मेलेले उंदीर गोळा करून पुरले, तरी बरंच निभावतं.

बांधाचं मात्र आम्हा शेतकऱ्यांनाच सांगायला हवं. फड रिकामा झाला की वाघाटीने जायचं कुठे? पूर्वी बांधाला करंज, हिवर, बोर, तरवड असायचं. आता ट्रॅक्टरच्या फाळाने बांध इतका कोरलाय की दोन भावांच्या मध्ये दगडांची रांग उरलीय, आणि तीही भांडणापुरती. ओढे सरळ केले, गायरानावर प्लॉट पडले. तुमच्या ऊसविकास योजनेत रोपांना, ठिबकला, माती परीक्षणाला पैसे असतात. ओढ्याकाठची दहा फूट झाडी ठेवणाऱ्या सभासदाला काही सवलत देता आली तर बघा. सवलत नको तर नोंद तरी घ्या. गळीत हंगामाच्या सांगतेला सर्वाधिक उत्पादन घेणाऱ्याचा सत्कार होतो, त्याच व्यासपीठावर झाडी राखणाऱ्याला नारळ-शाल द्यायला काय हरकत आहे?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघाटीचं प्रजनन केंद्र आहे. चांगली गोष्ट आहे, तिथल्या लोकांचे कष्टही मोठे आहेत. पण पिंजऱ्यात वाघाटीची वीण होणं किती कठीण, किती खर्चाचं आणि किती वेळखाऊ हे ते स्वतःच सांगतील. इकडे आमच्या शेतात ती कुणाच्या परवानगीशिवाय, एक रुपया न घेता पिल्लं घालतेय. जी वीण आपोआप होते ती तोडणीत वाया घालवायची आणि पिंजऱ्यातल्या विणीवर भिस्त ठेवायची, हा व्यवहार कुठल्या सभासदाला पटेल?

‘हे काम वनखात्याचं आहे’ असं उत्तर येईल, ते मी आधीच ऐकलेलं आहे. एका वनरक्षकाकडे किती गावं असतात हे तुम्हाला माहीत आहे. मिळेल त्या वाहनाने तो पोचेपर्यंत दुपार झालेली असते आणि पिल्लं तीन वाड्या फिरून आलेली असतात. त्याने यायला हवंच, पण तो येईपर्यंतचे दोन-तीन तास तुमचे आहेत. शिवाय सहकारी कारखान्यांनी आजवर साखरेपलीकडचं काही केलंच नाही असंही नाही. शाळा काढल्या, दवाखाने काढले, पाझर तलाव खोदले, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. ज्या कामाला कुणी वाली नव्हता ते कारखान्याने अंगावर घेतलं, म्हणून तर आमच्या वाडवडलांनी शेअर घेतले.

खासगी कारखान्यांच्या मालकांना वेगळं सांगायचं तर, तुमचा माल मोठ्या शीतपेय आणि चॉकलेट कंपन्यांकडे जातो. ऊस पिकवताना आणि तोडताना मजुरांचं, पाण्याचं, वन्यजीवांचं काय होतं याची विचारणा अशा खरेदीदारांकडून वाढत चालली आहे. उद्या तो प्रश्न आला तर दाखवायला एक नोंदवही असलेली बरी.

सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. आमच्या कारखान्याच्या सभेसाठी मी हा विषय मुदतीत लेखी देणार आहे. मागण्या चारच : स्लिपबॉय आणि मुकादमांचं एक दिवसाचं प्रशिक्षण, तोडणी कार्यक्रम वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवणं, पिल्लं सापडल्यास दोन गुंठे एक रात्र उभे ठेवण्याचा ठराव आणि त्यापोटी टोळीला भरपाई, आणि मुकादमाच्या करारात आगीचं कलम. इतर कारखान्यांच्या सभासदांनी हाच मजकूर आपल्या नावाने द्यावा, माझी परवानगी विचारायची गरज नाही. ‘आयत्या वेळच्या विषयांत’ ढकलून जेवणाच्या आधी गुंडाळू नये, एवढी विनंती अध्यक्षांना आहे. आणि ठराव झालाच तर तो अहवालात छापून न थांबता ऑक्टोबरात, पहिली टोळी फडात शिरायच्या आधी, गटकार्यालयाच्या फळ्यावर लागावा. मी बघायला येणार आहे.

कळावे,
आपला,
एक ऊस उत्पादक सभासद